इन्सुलिनच्या एका रेणूचा प्रवास: पेशीअंगकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीच्या विज्ञानात पेशीची आकृती पहिल्यांदा नीट भेटते. अंडाकृती रेघ, मधोमध केंद्रक, शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका, चपात्यांची चळत वाटावी असं गॉल्जी संकुल आणि प्रत्येकापासून निघालेला एक बाण. नावं पाठ होतात, गुण मिळतात. हा धडा मी बरीच वर्षं शिकवते आहे. मुलांचे, पालकांचे आणि बारावीनंतर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे प्रश्न जवळजवळ सगळे एकाच जागी अडतात. अंगकं सुटी सुटी ठाऊक असतात, पण एकाने केलेलं काम दुसऱ्यापर्यंत पोहोचतं कसं, हे आकृतीत कुठेच दिसत नाही.

म्हणून इथे एकच धागा धरला आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत इन्सुलिनचा रेणू कसा घडतो आणि रक्तात कसा उतरतो, याच्या मागोमाग गेलं की बहुतेक अंगकं आपोआप वाटेत भेटतात. इन्सुलिन निवडण्याचं दुसरं कारण साधं आहे. मधुमेह आपल्या घराघरांत आहे, त्यामुळे यातला बराच भाग औषधाच्या पाकिटावर किंवा लॅबच्या रिपोर्टवर आपण आधीच पाहिलेला असतो.

अंगकांना स्वतंत्र पटल हवंच कशाला? सगळं एकत्र का चालत नाही?

एकाच स्वयंपाकघरात दूध तापतं, दही लागतं आणि लोणचंही मुरतं. पण तिन्ही एका भांड्यात ठेवून चालत नाही. पेशीचंही तसंच आहे. लयकारिकेच्या, म्हणजे मोडतोड करणाऱ्या पिशवीच्या, आत सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५ असतो, तर बाहेरच्या पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. म्हणजे आत हायड्रोजन आयन शेकडो पटींनी जास्त. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पटलांच्या जाळ्यात, कॅल्शियमचं प्रमाण पेशीद्रव्याच्या हजारो पट असतं. तंतुकणिकेचं तर सारं कामच आतल्या पटलाच्या दोन बाजूंच्या फरकावर चालतं. हा फरक पुसला गेला की ऊर्जा तयार होणं थांबतं.

हे सगळं सांभाळणारं पटल मेदाच्या दोन थरांचं असतं आणि त्याची जाडी असते जेमतेम पाच नॅनोमीटर. पण भिंत घातली की दारंही लागतात. एका कप्प्यात तयार झालेलं दुसऱ्या कप्प्यात न्यायचं कसं, हा प्रश्न भिंतीसोबतच जन्माला येतो. या पानावरची बाकीची सगळी उत्तरं त्या एका प्रश्नाचीच आहेत.

रायबोझोम हे पटलयुक्त अंगक आहे का?

नाही. रायबोझोमला, म्हणजे प्रथिनं विणणाऱ्या कणाला, पटल नसतं. केंद्रकातल्या केंद्रकीलाही नसतं. जिवाणूंमध्ये आंतर्द्रव्यजालिका किंवा तंतुकणिका नसतात, पण रायबोझोम असतात, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

इन्सुलिन बनण्याची सुरुवात कुठे होते?

केंद्रकात. इन्सुलिनचा जनुक आपल्या ११ व्या गुणसूत्रावर आहे. तो डोळ्याच्या पेशीतही आहे आणि त्वचेच्या पेशीतही, पण नेमाने वाचला जातो तो स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्सच्या बेटांमधल्या बीटा पेशींत. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाच्या दुहेरी पटलातल्या छिद्रांतून बाहेर पडते. ही नुसती भोकं नसतात. प्रत्येक छिद्र शेकडो प्रथिनांनी बांधलेलं असतं आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर सोडायचं हे तिथेच ठरतं.

बाहेर रायबोझोम ती नक्कल वाचू लागतो. इन्सुलिन इथे लगेच इन्सुलिन नसतं. सुरुवातीची साखळी ११० अमिनो आम्लांची असते, आणि तिच्या तोंडाशी असलेली २४ अमिनो आम्लं म्हणजे एक खूण: “मला आंतर्द्रव्यजालिकेत न्या.” ही खूण रायबोझोममधून डोकावताच एक कण तिला पकडतो, वाचन थोडा वेळ थबकतं, आणि अख्खा रायबोझोम जालिकेच्या पटलावर नेऊन टेकवला जातो. मग साखळी विणली जाता जाताच पटलातल्या वाटेने आत सरकते. आत गेल्यावर २४ आम्लांचा तो तुकडा कापून टाकतात.

प्रथिनांच्या अंगावरच त्यांचा पत्ता असतो, ही कल्पना ग्युंटर ब्लोबेल यांनी मांडली आणि सिद्ध केली. त्यासाठी त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. आकृतीत खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर जे ठिपके काढतो, ते तिथे कायमचे चिकटलेले नसतात, हेही यातून कळतं. एक प्रथिन संपलं की रायबोझोम सुटतो, आणि पुढचं काम पेशीद्रव्यात राहणाऱ्या एखाद्या प्रथिनाचं असेल तर तो मोकळाच राहतो.

आंतर्द्रव्यजालिकेत नेमकं काय होतं? पुस्तकात तर “वहन करणे” एवढंच आहे.

तेवढं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. प्राण्यांच्या बऱ्याच पेशींत एकूण पटलाचा निम्मा भाग एकट्या आंतर्द्रव्यजालिकेचा असतो. केंद्रकाचं बाहेरचं पटल आणि जालिका हे एकच सलग पटल आहे, म्हणजे केंद्रकापासून पेशीच्या कडेपर्यंत एकच आतली पोकळी पसरलेली आहे.

इथे आलेल्या ८६ अमिनो आम्लांच्या साखळीला आता प्रोइन्सुलिन म्हणतात. ती सरळ दोरीसारखी असून काही उपयोग नाही, तिची योग्य घडी पडावी लागते. सल्फरच्या तीन जोड्या नेमक्या जागी जुळाव्या लागतात. जालिकेतलं वातावरण अशा जोड्यांना अनुकूल असतं, पेशीद्रव्यातलं नसतं. म्हणून हे काम तिथेच होऊ शकतं. घडी घालायला मदत करणारी प्रथिनं असतात आणि घडी तपासणारीही असतात. चुकलेली साखळी पुढे जाऊ दिली जात नाही. ती जालिकेतून मागे पेशीद्रव्यात ओढली जाते आणि तिथे तिचे तुकडे केले जातात.

उत्तेजित झालेली बीटा पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख प्रोइन्सुलिन रेणू घडवू शकते. या वेगात चुका साठल्या तर जालिकेवर ताण येतो. मग ती केंद्रकाला निरोप पाठवते: नवं प्रथिन थोडं थांबवा, घडी घालणारे वाढवा. ताण हटलाच नाही तर पेशी स्वतःचा शेवट करून घेते. काही बाळांना पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. त्यांतल्या काहींमध्ये इन्सुलिनच्याच जनुकात असा बदल असतो की प्रोइन्सुलिनची घडी पडत नाही. जनुकाची एक प्रत चांगली असते, तरी बिघडलेल्या प्रतीचा माल जालिकेत तुंबतो आणि बीटा पेशी मरतात. एका अंगकातली कोंडी पुढच्या सगळ्यांचं काम कसं बंद पाडते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

जालिकेतून माल गॉल्जी संकुलात जातो, हे कोणी कसं पाहिलं?

हा प्रश्न मुलं कमी विचारतात, पण मला तो सगळ्यांत आवडतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मेलेली आणि गोठलेली असते. हालचाल दिसतच नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पालाडे आणि त्यांचे सहकारी जेम्स जेमिसन यांनी १९६० च्या दशकात यावर मार्ग काढला. त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्या घेतल्या आणि त्यांना फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं. मग ते धुऊन काढून साधं अमिनो आम्ल दिलं. त्यामुळे त्या तीन मिनिटांत बनलेलीच प्रथिनं खुणेची झाली. मग वेगवेगळ्या वेळी चकत्या रसायनाने स्थिर करून खूण कुठे आहे ते पाहिलं. लगेच पाहिलं तर खूण खडबडीत जालिकेवर. सुमारे वीस मिनिटांनी गॉल्जीच्या भागात. दोनेक तासांनी पेशीच्या टोकाशी साठवणीच्या पुटिकांमध्ये. स्थिर फोटो एकापुढे एक मांडून त्यांनी प्रवास उभा केला. १९७४ चं नोबेल पालाडे, आल्बेर क्लोद आणि ख्रिस्तियान द दुव यांना मिळून मिळालं.

त्यांनी पाहिलेल्या पेशी पाचकरस बनवणाऱ्या होत्या. इन्सुलिनची वाटही तीच आहे.

माल नेणाऱ्या या पुटिका म्हणजे जालिकेच्या पटलाला आलेले फुगवटे. बाहेरून प्रथिनांचं कवच चढतं, फुगवटा गोल होतो, तुटतो आणि पिशवी सुटते. रँडी शेकमन यांनी यीस्टमध्ये अशी उत्परिवर्तनं शोधली ज्यांत ही वाहतूक अडते. त्या यीस्ट पेशी पुटिकांनी किंवा फुगलेल्या जालिकेने अक्षरशः भरून जातात. प्रत्येक अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून त्यांनी त्या त्या टप्प्याचे जनुक ओळखले.

पुटिकेला पत्ता कसा कळतो?

मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत आठवा. डब्याच्या झाकणावरच्या खुणेत पूर्ण पत्ता नसतो. कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कोणत्या इमारतीत न्यायचा, एवढंच असतं. हातोहात डबा पुढे जातो आणि प्रत्येक जण आपल्यापुरती खूण वाचतो. पेशीतही अख्खी वाट ठाऊक असलेला कोणी नाही.

पुटिकेच्या पटलावर काही प्रथिनं असतात आणि पोहोचायच्या ठिकाणच्या पटलावर त्यांची जोडीदार प्रथिनं. त्यांना स्नेअर म्हणतात. पुटिका जवळ आली की आधी इतर प्रथिनं तिला दोरासारखी धरतात. मग दोन्हीकडच्या स्नेअर साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि दोन पटलं इतकी जवळ ओढली जातात की ती एक होतात. जोडी जुळली नाही तर पटलं मिसळत नाहीत. जेम्स रॉथमन यांनी ही जुळणी उलगडली. रॉथमन, शेकमन आणि थॉमस स्युडॉफ यांना २०१३ चं नोबेल याच वाहतुकीसाठी मिळालं. धनुर्वाताच्या जिवाणूचं विष चेतापेशीतलं असंच एक स्नेअर प्रथिन कापतं. तिथल्या पुटिका रिकाम्या होऊ शकत नाहीत, स्नायूंना शिथिल करणारा निरोप जात नाही आणि शरीर ताठरतं. पायात खिळा घुसला की आपण घेतो ते इंजेक्शन अखेर या वेणीच्या रक्षणासाठी असतं.

लांबचा पल्ला असेल तर पुटिका तरंगत जात नाहीत. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून कायनेसिन आणि डायनिन ही प्रथिनं त्यांना ओढून नेतात. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं असतं.

आणि हो, डबे परतही येतात. जालिकेत राहायला हवं असं एखादं मदतनीस प्रथिन चुकून गॉल्जीत गेलं, तर त्याच्या शेपटाला चार अमिनो आम्लांची खूण असते. ती ओळखून त्याला परतीच्या पुटिकेत बसवतात. परतीची वाट नसती तर जालिकेचं पटल हळूहळू संपून गेलं असतं.

गॉल्जीत गेल्यावर इन्सुलिन तयार झालेलं असतं का?

अजून नाही. गॉल्जीच्या शेवटच्या भागात प्रोइन्सुलिन वेगळं काढून नव्या स्रावपुटिकांत भरलं जातं. या पुटिका पटलातल्या पंपांनी स्वतःचं पोट हळूहळू आम्लधर्मी करतात. त्या आम्लतेत कापणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि प्रोइन्सुलिनच्या मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, त्याच्या दोन टोकांची मिळून चार आम्लंही, निघतात. उरतात २१ आणि ३० आम्लांच्या दोन साखळ्या, जालिकेत पडलेल्या सल्फरच्या जोड्यांनी बांधलेल्या. हे ५१ आम्लांचं इन्सुलिन. पुटिकेतल्या जस्ताभोवती त्याचे सहा सहा रेणू जमतात आणि स्फटिक बनतात. इतक्या छोट्या जागेत इतका साठा त्यामुळेच मावतो.

मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. तो फेकला जात नाही, त्याच पुटिकेत राहतो आणि इन्सुलिनबरोबर रक्तात उतरतो. म्हणून डॉक्टर कधी कधी सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. रक्तात तो किती आहे यावरून रुग्णाच्या स्वतःच्या बीटा पेशी किती इन्सुलिन करत आहेत ते कळतं. रिपोर्टवरचा तो आकडा म्हणजे पुटिकेत घडलेल्या एका कापणीचा हिशेब आहे. प्रोइन्सुलिनचा शोध डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये शिकागोत लावला. त्याआधी दोन साखळ्या वेगवेगळ्या बनून नंतर जुळत असाव्यात असा समज होता.

तंतुकणिका म्हणजे “पेशीचं ऊर्जाकेंद्र”. मग इन्सुलिनशी तिचा संबंध फक्त वीज पुरवण्यापुरता?

इथेच ती आकृती सगळ्यांत जास्त फसवते. बीटा पेशीत तंतुकणिका रक्तातली साखर मोजायचंही काम करते.

एका बीटा पेशीत सुमारे दहा हजार स्रावपुटिका भरून तयार असतात. त्या कधी रिकाम्या करायच्या? जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि पेशीत शिरतं. पेशीद्रव्यात त्याचे तुकडे होतात, ते तंतुकणिकेत जातात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, वाढतं. प्रद्रव्यपटलावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या पटलावर, पोटॅशियमच्या काही वाहिन्या असतात ज्या एटीपी वाढलं की बंद होतात. पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं की पटलाचा विद्युतभार बदलतो. त्या बदलाने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात. कॅल्शियम आत धावतं, पटलाला टेकून बसलेल्या पुटिकांची स्नेअरची वेणी शेवटपर्यंत आवळली जाते आणि पुटिका बाहेर उघडते. रक्ताच्या ७.४ सामूत जस्त विरळ होतं, स्फटिक विरघळतो आणि इन्सुलिन मोकळं होतं. ग्लुकोज अचानक वाढलं तर पहिली लाट काही मिनिटांतच येते, कारण थोड्या पुटिका आधीच दाराशी उभ्या असतात. मागच्या पुटिका दाराशी यायला वेळ लागतो, म्हणून दुसरी लाट सावकाश येते आणि लांबते.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही गोळी तुमच्या घरात कोणाला चालू असेल, तर ती याच पोटॅशियम वाहिनीवर बसते आणि साखर वाढण्याची वाट न पाहता ती बंद करते. म्हणूनच गोळी घेऊन जेवण चुकवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. काही नवजात बाळांना मधुमेह असतो तो ही वाहिनी जन्मतः उघडीच राहते म्हणून. त्यांच्या पुटिका भरलेल्या असतात, फक्त दार उघडण्याचा निरोप येत नाही. अशा अनेक बाळांचं इन्सुलिनचं इंजेक्शन बंद करून त्यांना याच गटातल्या गोळ्यांवर आणता आलं आहे. हे मी वर्गात सांगते तेव्हा वर्ग शांत होतो. माझाही आवाज दरवेळी थोडा बदलतो.

आकृतीत अंगकं एकमेकांपासून लांब असतात. खऱ्या पेशीतही तसं असतं?

नसतं. पेशी आत खचाखच भरलेली असते आणि पुष्कळ अंगकं एकमेकांना खेटून असतात. आंतर्द्रव्यजालिका आणि तंतुकणिका यांच्यात काही ठिकाणी १० ते ३० नॅनोमीटरच अंतर उरतं आणि ते प्रथिनांच्या धाग्यांनी बांधून ठेवलेलं असतं. इथे पटलं मिसळत नाहीत आणि पुटिकाही लागत नाहीत. देवाणघेवाण थेट होते. जालिकेतलं कॅल्शियम या अरुंद फटीत सुटतं, तंतुकणिका ते शोषते आणि तिचा वेग वाढतो. एक प्रकारचा मेद जालिकेत बनतो, तंतुकणिकेत जाऊन त्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं आणि त्यातला काही परत येतो. तंतुकणिका दुभंगते तेव्हा कुठे दुभंगायचं ती जागाही जालिकेच्या नळ्या तिच्याभोवती विळखा घालून आखून देतात, हे २०११ मध्ये दिसून आलं.

मग नीट परीक्षेत अंतःपटल प्रणालीत तंतुकणिका का धरत नाहीत?

परीक्षेत आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी संकुल, लयकारिका आणि रिक्तिका एवढंच लिहा. तंतुकणिका, हरितलवक आणि पेरॉक्सिझोम वगळा. त्या गटाची व्याख्या पुटिकांच्या वाहतुकीने जोडलेली अंगकं अशी धरली की हे बरोबरच आहे. मात्र “त्यांचं काम इतरांशी संबंधित नाही” असं कारण पाठ केलं असेल, तर ते परीक्षेपुरतंच ठेवा.

लयकारिकांना “आत्मघाती पिशव्या” म्हणणं बरोबर आहे का?

हे नाव लक्षात राहतं, म्हणून टिकलं आहे. मला ते काढून टाकावंसं वाटतं. लयकारिका फुटली आणि पेशी पचली, असं रोजच्या व्यवहारात होत नाही. तिच्यातली पन्नासहून अधिक विकरं आम्लात काम करतात. थोडी गळती झाली तरी पेशीद्रव्याच्या ७.२ सामूत ती बरीचशी निष्क्रिय होतात. पेशीचा नियोजित मृत्यू अनेकदा तंतुकणिकेतून सुरू होतो. तिच्यातलं सायटोक्रोम सी बाहेर पडलं की मृत्यूची साखळी सुटते.

लयकारिकेचं खरं काम मोडतोड करून सामान परत देण्याचं आहे. बीटा पेशीतल्या सगळ्या पुटिका बाहेर जात नाहीत. जुन्या झालेल्या पुटिका लयकारिकेत विलीन होतात आणि त्यांतलं इन्सुलिन मोडून अमिनो आम्लं परत मिळतात. खराब तंतुकणिकाही अशाच संपतात. आधी त्यांच्याभोवती दुहेरी पटलाची नवी पिशवी उभी राहते आणि मग ती लयकारिकेला मिळते. या स्वभक्षणाचे जनुक योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधले. त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

लयकारिकेची विकरंसुद्धा जालिकेतच बनतात. गॉल्जीत त्यांना मॅनोज-६-फॉस्फेट नावाचं साखरेचं लेबल लागतं, आणि ते पाहून त्यांना लयकारिकेकडे वळवतात. लेबल लावणारं विकर नसेल तर ही सारी पाचक विकरं पेशीबाहेर सांडतात आणि लयकारिका न पचलेल्या मालाने फुगतात. या आजाराला आय-सेल आजार म्हणतात. पाँपे आजारात वेगळं होतं. ग्लायकोजेन मोडणारं एकच विकर कमी असतं आणि स्नायू, हृदय दुबळे होतात. त्यावर सलाइनमधून जे विकर देतात, त्याच्यावर तेच मॅनोज-६-फॉस्फेटचं लेबल असतं. पेशी बाहेरून आलेलं लेबलही ओळखते आणि औषध थेट लयकारिकेपर्यंत पोहोचवते.

उपवास केला की पेशी “स्वच्छ” होते, हे खरं का?

अन्न कमी पडलं की स्वभक्षण वाढतं, हे यीस्टमध्ये आणि प्राण्यांत पक्कं दिसलं आहे. पण “सोळा तासांनी सुरू होतं” असे जे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यांच्यावर विसंबू नका. एखाद्या माणसाच्या शरीरात स्वभक्षण किती चाललं आहे हे सांगणारी तपासणी दवाखान्यात मिळत नाही. एकादशी आनंदाने करा. मात्र इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. कारण वरच्या उत्तरात आलंच आहे.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, मग ती स्वतंत्र का नाही?

तिचे पूर्वज एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होते. पण आता तिच्याकडे फक्त ३७ जनुक उरले आहेत आणि त्यांतून १३ प्रथिनं बनतात. तिला लागणारी बाकी हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रव्यात बनतात आणि पत्त्याच्या खुणेसह तिच्यात शिरतात. आधी पाहिलेला नियम इथेही तोच. तिचा डीएनए आईकडूनच येतो. त्यातल्या एका ठरावीक बदलाने मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र येतात, आणि असा मधुमेह फक्त आईकडून मुलांकडे जातो. तंतुकणिका साखर मोजते हे एकदा कळलं की हा संबंध विचित्र वाटत नाही.

वनस्पतींमध्ये असं सहकार्य दिसतं का?

फार सुंदर दिसतं. भाताच्या पानात रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, पण अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतं. ऊन तापलं की जास्तच. मग हरितलवकात दोन कार्बनचा एक निरुपयोगी पदार्थ तयार होतो. तो जातो पेरॉक्सिझोममध्ये. तिथे त्याचं ग्लायसिन होतं. ग्लायसिन तंतुकणिकेत जातं. दोन ग्लायसिन मिळून एक सेरिन बनतं आणि एक कार्बन निसटतो. सेरिन पुन्हा पेरॉक्सिझोममध्ये आणि तिथून हरितलवकात परत. चारांतले तीन कार्बन वाचतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या पेशीत ही तिन्ही अंगकं अनेकदा एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात, ती यासाठीच.

ज्वारी, मका आणि ऊस यांनी या चुकीवर वेगळा उपाय केला. त्या पानांतल्या बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी पकडून शिरांभोवतीच्या पेशींत दाटून भरतात. रुबिस्कोला चुकायला फारशी संधीच मिळत नाही. सोलापूरच्या उन्हात ज्वारी तग धरते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे.

यातलं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल?

गॉल्जी किंवा पुटिका दिसणार नाहीत, त्यांच्यासाठी तो पुरेसा नाही. पण ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल काढली तर रंगाने भरलेली रिक्तिका दिसते. मिठाचं पाणी घातलं की ती आकसते आणि प्रद्रव्यपटल भित्तिकेपासून सुटतं. बटाट्याच्या कच्च्या फोडीवर पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. लगेच फेस येतो, कारण पेरॉक्सिझोममधलं कॅटालेझ विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. उकडलेल्या फोडीवर तो येत नाही.

सगळ्यांत चांगलं म्हणजे हायड्रिला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. कोवळं पान अख्खंच पाण्याच्या थेंबात ठेवा, वरून आच्छादक काच ठेवा आणि दिव्याच्या प्रकाशात दहा मिनिटं थांबा. मग मधल्या शिरेजवळच्या पेशी पाहा. हिरवी हरितलवकं पेशीच्या कडेने एकामागून एक सरकताना दिसतील, कोपऱ्यावर वळतील आणि पुन्हा पुढे जातील. ती आपोआप वाहत नसतात. पेशीतल्या धाग्यांवरून चालणारी प्रथिनं हा प्रवाह चालवतात. पहिल्या पानात हालचाल दिसली नाही तर घाई करू नका, पाणी जरा कोमट घ्या आणि दुसरं पान लावा.